घोडीच्या वाटणीचे पेढे

पेढेचाचा म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, यांचं मिठाईचं दुकान असणार. दुकान नव्हतं. घोडी होती. कंधार आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत मिरवत जायचं, हे त्या घोडीचं काम. आमच्याकडं या मिरवणुकीला परण्या म्हणतात. आणि त्या परण्यात लोक प्रेमानं घोडीच्या तोंडाशी जे जे धरतील ते ते मधल्यामध्ये पळवून स्वतः खायचं, हे चाचांचं काम. पेढा, बुंदीचा लाडू, जिलबी, बालुशाही, एकदा तर अख्खी पुरणपोळी. घोडी मान लांब करायची, देणारा हात पुढं करायचा, आणि दोघांच्या मध्ये चाचांचा तळवा कुठून यायचा ते कुणालाच दिसायचं नाही. "द्या, मी चारतो. अनोळखी हाताला चावते ती," असं म्हणत ते घोडीच्या मानेआड वळायचे. पुन्हा तोंड दाखवेपर्यंत पेढा संपलेला असायचा. त्या वेळी घोडी चाचांकडं ज्या नजरेनं बघायची, ती नजर मी बघितलेली आहे.

त्या घोडीनं जन्मात कुणाला चावलं नव्हतं. नूरी तिचं नाव. पांढरी, जरा पोटाळ, आणि खाण्याच्या बाबतीत कुणावरही विश्वास टाकणारी.

"चाचा, सरळ नाही म्हणा ना. खोटं कशाला बोलता?" मी विचारायचे.

"लीडर, लग्नघरात पेढा नको म्हनलं की मानपान निघतो. नवरदेवाची मावशी रुसली तर तिला तू समजावणार हाईस का? मी पेढा खाल्ला की मावशी खूश, घोडी जित्ती. माझं काय, मला उलटी तरी होते."

चाचांचं सगळं शास्त्र या शेवटच्या वाक्यावर उभं होतं. घोड्याला उलटी होत नाही. माणूस, कुत्रा, मांजर, कुणीही नको ते खाल्लं तर बाहेर टाकू शकतं. घोडं टाकू शकत नाही. "आत जायला दार हाय, माघारी यायला न्हाई," असं चाचा म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःच्याच गळ्याला दोन बोटं लावायचे.

मला लीडर हे नाव त्यांनीच ठेवलं. आमचं घर म्हणजे छापखान्यामागच्या दोन खोल्या. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि पत्रकं छापून घराला अर्थ यायचा. मी अक्षरं गिरवली ती 'चलो', 'धिक्कार' आणि 'जाहीर निषेध' या शब्दांवर. पप्पा खिळे जुळवायच्या काळापासूनचे चळवळीतले, आणि आई पत्रकं चिकटवायची खळ शिजवता शिजवता भाषणं ऐकून ऐकून पक्की झालेली. चाचा रोज सकाळी आमच्या छापखान्यात यायचे, कारण कुणाच्या घरी कधी लग्न आहे हे गावात सगळ्यांत आधी आम्हाला कळायचं. बाकड्यावर बसून ते ओल्या पत्रिका वाऱ्यावर धरायचे आणि म्हणायचे, "वाच लीडर, नवरी कुठली हाय? तिकडचे लोक लई मायाळू असतेत, मला भीती वाटते."

ही मायाळू लोकांची भीती त्यांना उगीच लागलेली नव्हती. नूरीच्या आधी त्यांच्याकडं बिजली होती. बिलोलीकडच्या एका लग्नात परण्या झाला, अक्षता पडल्या, चाचा जेवून मांडवामागं जरा आडवे झाले. तेवढ्यात कुणीतरी पंगतीत उरलेला भात आणि पुऱ्या घमेल्यात भरून बिजलीपुढं ठेवल्या. तिनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मग ती पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायला लागली, मग जमिनीवर लोळायला लागली. जनावरांचे डॉक्टर गाडी करून येईपर्यंत तिचे पाय ताठले होते. घमेलं कुणी ठेवलं ते चाचांनी कधीच विचारलं नाही. "दुश्मनानं विष घातलं असतं तर ठाण्यात गेलो असतो," ते म्हणाले होते. "ह्यांनी मायेनं घातलं. आता कुटं जाऊ?"

तेव्हापासून चाचा नूरीच्या तोंडावर पहाऱ्याला बसले. गवताचं पोतं आणलं की आधी त्यात स्वतःचं डोकं खुपसायचे आणि मोठ्यानं वास घ्यायचे. बुरशीचा वास आला तर पोतं परत. वास नाही आला तरी दहाएक शिंका. भाजी बाजारात ते गाजर घ्यायला गेले की गाजरवाली हात जोडायची, कारण चाचा प्रत्येक गाजर उन्हाकडं धरून बघायचे. गाजर उभं चिरायचं, गोल चकत्या केल्या तर नरड्यात बसतात. सफरचंद द्यायचं तर बिया काढून. कलिंगडाची साल म्हणजे नूरीची ईद. पण कांदा, बटाटा, कोबी यांच्या गाड्यांपुढून ते तिला असं भरभर काढायचे, जसा एखादा बाप वयात आलेल्या पोरीला टवाळ पोरांच्या कट्ट्यापुढून काढतो. मी या उपमेवर एकदा चांगलंच भांडण काढलं होतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पन कोबीवर माझा भरवसा न्हाई."

एवढ्या कडक माणसाचं एक मात्र मला पटायचं नाही. चहा! छापखान्यासमोरच्या टपरीवर चाचा दोन चहा सांगायचे. स्वतःचा दुधाचा, चमचा उभा राहील एवढ्या साखरेचा. दुसरा कोरा, बिनसाखरेचा, बशीत. ती बशी ते फुंकून फुंकून गार करायचे आणि नूरीपुढं धरायचे. नूरी डोळे मिटून प्यायची.

"चाचा, हे काय? चहा घोडीला?"

"चहा खाण्यात येत न्हाई."

"पिण्यात येतो ना?"

"पिण्यात तर पानी बी येतं."

मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घोड्याला चहा नकोच, बंद करा. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. चाचा गंभीर झाले. "डॉक्टर हुशार हाय," म्हणाले, "पन अजून लहान हाय." तरी दुसऱ्या दिवसापासून टपरीवर एकच चहा सांगितला जाऊ लागला. निदान माझ्या देखत. विचारांचा विजय झाला असं समजून मी खूश होते.

चाचा घोडी कुणाच्याही लग्नाला न्यायचे. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या वस्तीतल्या एका मुलाची वरात एका गावातून निघाली तेव्हा पारावरची चार पोरं रस्त्यात आडवी आली. नवरदेवानं खाली उतरावं, एवढंच त्यांचं म्हणणं! चाचा लगाम धरून पुढं झाले. "थांबा, घोडी माझी हाय, पन मर्जी तिची हाय. विचारतो," म्हणाले आणि खरंच नूरीच्या कानाला तोंड लावलं. मग वर बघून म्हणाले, "ती म्हणते, पाठीवर कोन बसलंय ते मी कदी बघत न्हाई. हातात काय हाय ते बघते. दाखवा हात." तेवढ्यात नूरीनं सवयीनं मान लांब केली आणि सगळ्यात पुढच्या पोराच्या मुठीत नाक घातलं. "चावते बरं का," चाचा हळूच म्हणाले. पोरगं दोन उड्यांत पारावर! वरात पुढं गेली. मी ही गोष्ट आता हसत सांगते, पण त्या दिवशी आमच्यातलं कुणी हसत नव्हतं, आणि गाव मागं पडेपर्यंत चाचांनी लगाम सोडला नव्हता.

त्यानंतर मी ठरवलं की या माणसाला एकट्यानं पेढे खायला लावणं हा आपल्या समाजाचा नाकर्तेपणा आहे. प्रबोधन झालं पाहिजे. मी पत्रक लिहिलं. वर लाल अक्षरांत 'वऱ्हाडी बंधूभगिनींनो, जागे व्हा!' आणि खाली 'मुक्या जिवाच्या पोटावरील अत्याचार थांबवा'. पप्पांनी कागदाची कुरकुर न करता छापून दिलं, आईनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, आणि एका लग्नाच्या सकाळी मी मांडवाच्या कनातीवर, खांबांवर, आचाऱ्याच्या टेबलावर पत्रकं डकवून टाकली.

ते पत्रक पूर्णपणे पचवणारी त्या लग्नात एकटी नूरीच निघाली. गरम खळीचा वास तिला आवडला असणार. चाचा नवरदेवाचा फेटा बांधून व्हायची वाट बघत उभे होते, तेवढ्या वेळात तिनं तोंडाशी आलेला 'अत्याचार' आणि त्याच्या शेजारचा 'जागे व्हा' खांबावरून ओढून खाल्ला होता. चाचांच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या ओठाबाहेर लाल अक्षरांचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता.

मला वाटलं, चाचा चिडतील. ते चिडले नाहीत, पांढरे पडले. परण्या कसाबसा उरकून त्यांनी नूरीला हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पोटाला कान लावायचे, थोडं चालवायचे, पुन्हा कान लावायचे. जेवले नाहीत. मी मागं मागं फिरत होते. दुपार कलल्यावर नूरीनं शेपूट वर केली आणि भर रस्त्यात लीद टाकली. चाचांनी वाकून बघितली, आभाळाकडं हात केले आणि तसेच छापखान्यात पळत आले. आत पत्रिकेचा मजकूर ठरवत एक घरंदाज कुटुंब बसलं होतं. त्यांच्या समोर चाचा ओरडले, "लीडर! तुझं पत्रक आलं गं बाहेर!"

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पुढच्या पत्रकात एक ओळ वाढव. पत्रक बी घालू नये."

पण खरी परीक्षा आली रमजानात. लग्नसराई आणि रोजे एकदम आले. म्हणजे चाचांच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि नूरीच्या तोंडापुढं पेढ्यांची रांग! खायला माणूसच उरला नाही. चाचा पेढे घेऊन सदऱ्याच्या खिशात टाकू लागले, तर नूरी खिशातच तोंड घालू लागली. गावातल्या एका शेतकरी घरचं लग्न होतं, पत्रिका आमच्याकडच्याच, म्हणून आई आणि मी तिथं होतो. परण्या मारुतीच्या देवळापुढं थांबला होता. ऊन मी म्हणत होतं. चाचा एका हातानं लगाम आणि एका हातानं खिसा धरून माझ्याकडं केविलवाणं बघत होते.

"लीडर, तूच काहीतरी सांग बेटी. रोज्यात मी खोटं बोलणार न्हाई."

"मी कधीच खोटं बोलणार नाही, चाचा."

आम्ही दोघं तत्त्वाची माणसं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. नवरदेवाची आजी लाडवांचं ताट घेऊन पोचलीसुद्धा. तेव्हा माझी आई पुढं झाली. सगळी हयात अंधश्रद्धेविरुद्ध खळ शिजवलेल्या माझ्या आईनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "आजी, नका देऊ. घोडीला शनिवार आहे."

"अगं बाई! घोडीला उपास?" आजीनं लाडवांचं ताट मागं घेतलं आणि नूरीला वाकून नमस्कार केला. चाचांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी आईकडं रागानं बघत होते, तेवढ्यात आजी परत आली. आता ताटात साबुदाण्याची खिचडी होती, बटाट्याची भाजी होती, वर शेंगदाण्याचा लाडू होता. "हे चालतंय की! सगळं उपासाचं हाय. खा गं माय."

बटाटा बघून चाचांनी डोळे मिटले.

"निरंकार आहे," आई म्हणाली. एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस थांबत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. आता तर भोवती बायांची गर्दीच जमली. निरंकार शनिवार करणारी घोडी! कुणी तिच्या खुरांना कुंकू लावलं, कुणी पायांवर पाणी घातलं. पायांवरच. कारण चाचांनी बादली भरून तिच्या तोंडापुढं ठेवली तेव्हा दोन-तीन म्हातारी माणसं धावली आणि बादली उचलून नेली. "अहो चाचा, असं काय करता? निरंकार मोडतोय की तिचा!"

नूरी घामानं भिजली होती. तिनं बादलीच्या दिशेनं मान वळवली आणि ओठ हलवले. चाचा म्हणाले, "पानी द्या तिला. मला न्हाई तर न्हाई, तिला द्या." त्यांचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकूच गेला नाही.

मग मी बँडवाल्याच्या गाडीवर चढले आणि त्याच्या हातातला माइक ओढून घेतला. पत्रकातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हणाले, "हिला उपास नाही. आईनं खोटं सांगितलं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून आम्ही घाबरतो." आणि बिजलीची सगळी गोष्ट सांगितली. घमेलं, भात, पुऱ्या, ती पोटाकडं कशी वळून वळून बघत होती ते. चाचा खाली मान घालून उभे होते. बँड थांबला होता. नवरदेव वर बसून फेट्याच्या झालरीतून ऐकत होता.

आजी म्हणाली, "कायबी खाल्लं तर बाहेर येतच न्हाई?"

"नाही आजी."

"मग आधी सांगायचं ना गं! शनिवार कशाला लावलास बिचारीच्या मागं?" तिनं स्वतः बादली आणून नूरीपुढं ठेवली. मग कुणाची तरी काठी घेऊन ती घोडीशेजारी उभी राहिली आणि लग्न लागेपर्यंत तिनं घोडीची पाठ सोडली नाही. व्याही पेढा घेऊन आले तर त्यांच्याही हातावर काठी! "हिला उलटी होत न्हाई, ठावं हाय का तुमाला?" त्या लग्नात नवरीच्या दागिन्यांपेक्षा या एका गोष्टीची चर्चा जास्त झाली. जाताना चाचा मला म्हणाले, "तुझं छापील कुनी वाचत न्हाई लीडर. पन तू ओरडलीस की लोक ऐकतेत."

नूरी वाचली, पण तोवर बरेच पेढे चाचांच्या पोटात जमा झाले होते. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी शुगर बघितली आणि चष्मा काढला.

"चाचा, गोड खाता?"

"मी न्हाई खात. घोडीचं असतं ते."

"मग घोडीला शुगर व्हायला पाहिजे होती."

"म्हनून तर मी खाल्लं," चाचा समजुतीच्या सुरात म्हणाले.

अंगठा काढावा लागला. परण्यात घोडीसोबत चालणं संपलं. उदगीरला दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली, आणि नूरीसाठी गिऱ्हाईक बघायची वेळ आली. चाचांनी छापखान्याच्या दारात खुर्ची टाकली, नूरीला शेजारी बांधलं आणि समोर पेढ्यांची बशी ठेवली. मला वाटलं, आलेल्याचं तोंड गोड करायचं असेल.

पहिला आला तो काळा गॉगल लावलेला. नूरीसोबत मोबाइलवर व्हिडिओ काढला, चाचांनी पुढं केलेला पेढा घेतला आणि लाडात येऊन नूरीच्या तोंडाला लावायला गेला. "घे बेटा." चाचांचा तळवा मध्ये आला. "घोडी द्यायची न्हाई," ते म्हणाले. दुसरा फार सज्जन माणूस, प्राण्यांवर जीव असलेला. त्यानंही पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा नूरीपुढं धरला. "आपण खायचं आणि मुक्या जिवाला नाही द्यायचं, हे पटत नाही मला." मला तो माणूस आवडला होता. चाचांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

तिसरा आला बालाजी, अहमदपूरकडचा. वाळका, कपाळाला आठ्या. त्यानं नूरीचे दात बघितले, खूर बघितले. पेढा घेतला. नूरीनं मान लांब केली. बालाजीनं तिच्याकडं पाठ फिरवली, पेढा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि म्हणाला, "तुजा न्हाई ह्यो."

चाचा खुर्चीतून उठायला धडपडले. "जमली! सोयरीक जमली!"

"चाचा, हा किती कंजूष दिसतो बघा ना," मी कानात म्हणाले.

"म्हनूनच!"

टेम्पोत चढताना नूरीनं एकदा चाचांच्या खिशाचा वास घेतला. खिसा रिकामा होता. चाचांनी बालाजीला गाजर कसं चिरायचं ते पुन्हा सांगितलं, गवताचा वास कसा घ्यायचा ते करून दाखवलं आणि शिंकले. टेम्पो वळणाआड गेला तरी ते शिंकतच राहिले, म्हणजे आम्ही तसं समजून घेतलं.

दोन-चार दिवसांनी, चाचा उदगीरला निघायच्या सकाळी, बालाजीचा फोन आला. मागं बँड वाजत होता, आणि बालाजी ओरडत होता म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं. "चाचा, घोडी हालंना! नवरदेव वर हाय, वऱ्हाड पुढं गेलं, आन् ही चहाच्या टपरीपुढं उभी हाय! ओढून बघितलं, ढकलून बघितलं, पाय उचलंना. काय रोग हाय हिला?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. तिचा चहा बंद होऊन किती दिवस झाले होते! निदान माझ्या देखत.

"तिला बशी पाहिजे," चाचा फोनमध्ये अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"काय पाहिजे?"

मी हात पुढं करून फोन घेतला. जनावरांच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पाठ होतं, आणि ते बरोबरच होतं. पण तिकडं एक नवरदेव उन्हात बसला होता, आणि इकडं एक माणूस खुर्चीत मान खाली घालून. "आज एकदाच," मी बालाजीला म्हणाले. "अर्धी बशी. कोरा, बिनसाखरेचा. आणि फुंकून गार करा आधी."

पलीकडं बराच वेळ नुसता बँड ऐकू आला. मग बँड पुढं सरकायला लागला, लांब लांब गेला, आणि बालाजी म्हणाला, "चालली बघा."

चाचांनी डोळे पुसले आणि टपरीवाल्याला हाक मारली. त्यानं नेहमीसारखी साखरेची बरणी उघडली, तर चाचांनी हात वर करून थांबवलं.

"कोरा दे रे बाबा, बशीत. आता माझा बी तिच्यासारखाच."